एक टिचकी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही, आणि जिला सांगायलाच हवं होतं त्या बाईला तर नाहीच नाही. तसा मी गप्प बसणारा माणूस नव्हे. पुण्यात जन्मलो, वाढलो. दुसऱ्याची चूक त्याने न विचारता दाखवून देणं हे मी समाजकार्य समजत आलो आहे. स्वतःची एक चूक मात्र पंचवीस वर्षं होत आली, गिळून बसलो आहे. चूक म्हणतोय मी — बघा, इथेच पहिली पळवाट. चूक नव्हती ती.

काय होती ते सांगतो. पण एकदम नाही सांगता यायचं. जरा फिरून यावं लागेल.

मी हिंजवडीला नोकरी करतो. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधले दोष शोधायचे, हे माझं काम — हसू नका, खरंच तेच काम आहे. सकाळी कोथरूडहून कंपनीची बस उचलते आणि पुढे कुठेतरी गर्दीत रुतते. आजूबाजूची पोरंपोरी कानात काहीतरी खुपसून डोळे मिटून असतात. कोवळं ऊन काचेतून मांडीवर येतं. ड्रायव्हरने वळायचा दिवा लावून ठेवलेला असतो, आणि तो दिवा वाजत असतो — टक... टक... टक. मग माझेही डोळे मिटतात. आणि मी हिंजवडीच्या रस्त्यावर उरत नाही. मी खडकवासल्याच्याही पलीकडे गेलेलो असतो. एका बाजूला धरणाचं पाणी, दुसऱ्या बाजूला डोंगर, वळणावळणाचा रस्ता. आणि शेवटी एक पांढरी बुटकी इमारत, तिच्या जाळीच्या दारात एक बाई, मान किंचित कलती करून उभी. ती ऐकते आहे. काय ऐकते आहे, ते मला माहीत असतं. म्हणूनच डोळे उघडतात.

तिच्याकडे येतोच. आधी रिले म्हणजे काय ते सांगू द्या, नाहीतर तुम्ही मध्येच उठून जाल.

काडेपेटीपेक्षाही लहान अशी एक डबी असते. आत तांब्याच्या बारीक तारेचं गुंडाळं. त्यातून थोडीशी वीज सोडली की त्याचं लोहचुंबक होतं, ते एक पातळ पट्टी ओढून घेतं, पट्टीच्या टोकाचा ठिपका समोरच्या ठिपक्याला टेकतो — टक. आणि मोठ्या विजेची वाट मोकळी होते. गुंडाळ्यातली वीज काढून घेतली की स्प्रिंग पट्टीला मागे ओढते — पुन्हा टक. वाट बंद. वाड्याच्या दरवाजावरचा पहारेकरी म्हणा. स्वतः काही नेत नाही, आणत नाही. सोडतो किंवा अडवतो, एवढंच. पण त्याने अडवायच्या वेळी अडवलं नाही, तर?

नव्वदचं दशक संपत आलं होतं. एरंडवण्यात एका बंगल्याच्या मागच्या अंगणात आमचा कारखाना होता — कारखाना म्हणायचं म्हणून म्हणायचं. आंब्याच्या झाडाखाली दोन खोल्या आणि सहा माणसं. मालकांना सगळे काका म्हणत. त्या काळात गावात विजेच्या दर दुसऱ्या खांबावर कॉम्प्युटर क्लासची पाटी लागली होती. माझ्याबरोबर शिकलेले एकेक करून अमेरिकेला चालले होते आणि बर्फात गाडीला टेकून काढलेले फोटो पाठवत होते. मी मात्र सूर्यावर चालणारी उपकरणं बनवत होतो. "सूर्य रोज उगवतो, म्हणून त्याचं कुणाला कौतुक नाही," काका म्हणायचे. "तुमचंही तेच होणार आहे." मला मात्र कौतुक हवं होतं. खूप हवं होतं. ते आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे दुसरी कारणं शोधायला नकोत.

आम्हाला एक मोठं काम मिळालं. डोंगरातल्या आरोग्य उपकेंद्रांसाठी, जिथे वीज असून नसल्यासारखी, तिथे छपरावर सौर पॅनेल बसवायचं, खाली बॅटरी, लस ठेवायचा छोटा फ्रीज, चार दिवे, एक पंखा. आणि या सगळ्यांच्या मध्ये एक पेटी — चार्ज कंट्रोलर. ती पेटी मी आखलेली. बॅटरी भरायची किती, वापरायची किती, हे ती ठरवायची. शिवाय तिला मी दोन जादा वाटा ठेवल्या होत्या — एक फ्रीजकडे, एक दिव्या-पंख्याकडे. ढगाळ हवेत बॅटरी उतरायला लागली की पेटीने आधी दिवे तोडायचे, म्हणजे उरलेली वीज फ्रीजला राहील. दिवे गेले तर कंदील असतो. लस तापली तर तिला कंदील नाही.

या दोन वाटांवर कुठला रिले बसवायचा, हे मला ठरवायचं होतं.

तुम्हाला खोटं वाटेल, पण ते माझे फार सुखाचे दिवस होते. तापकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानांतून, मुंबईहून, कुठून कुठून मी रिले मागवले होते. दुपारी ते खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने मांडून बसायचो. आंब्याच्या पानांतून ऊन गळायचं, पारदर्शक डब्यांमधल्या तारा मधासारख्या चमकायच्या. मी एकेकाला वीज द्यायचो आणि डोळे मिटून ऐकायचो. प्रत्येकाचा आवाज वेगळा. काका मागून जाता जाता म्हणाले, "अहो, रिले निवडताय की जावई?"

शेवटी दोन उरले. एक काळा, जाडजूड, आवाजाचा ठसका असलेला. पण भारी खादाड — नुसतं चालू राहायलाच त्याला बरीच वीज लागायची. दुसरा सडपातळ, पारदर्शक, पक्ष्याने चोच बुडवावी तेवढीच वीज पिणारा. सौर कामात थेंबथेंब मोजावा लागतो. दिवसभर चालू राहणारा रिलेच बॅटरी खायला लागला तर कसं चालेल? सडपातळ रिले लावला की माझी पेटी बाजारातल्या कुठल्याही पेटीपेक्षा कमी वीज खाणार होती. मी तो आकडा काकांना सांगितला तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "बरं आहे," म्हणाले. काकांचं बरं आहे म्हणजे दुसऱ्यांची शाल आणि श्रीफळ.

पण तो इतकी कमी वीज का प्यायचा? कारण त्याची स्प्रिंग नाजूक होती. पट्टी मागे ओढायची ताकद कमी. आणि त्याच्या अंगावर जो मोठा आकडा छापला होता, तो घरातल्या विजेसाठी होता. घरातली वीज सेकंदाला शंभरदा क्षणभर शून्यावर येते, त्यामुळे ठिपके सुटताना उडणारी ठिणगी आपोआप विझते. बॅटरीची वीज कधी दम घेत नाही, ठिणगी रेंगाळते. त्यात आमचे दिवे लागताना एकदम मोठा घोट घ्यायचे. प्रत्येक घोटाला ठिपके सुईच्या टोकाएवढे वितळणार, आणि एखाद्या दिवशी एकमेकांना चिकटणार. मग ती नाजूक स्प्रिंग त्यांना सोडवू शकणार नाही. हे सगळं मला माहीत होतं. रिलेबरोबरच्या कागदावर बारीक अक्षरात छापलं होतं. मी वाचलं — आणि बोट पुढच्या ओळीवर नेलं.

आता टिचकीचं सांगतो.

आमच्याकडे सगळे मीटर काट्याचे होते. काटा कधी कधी मध्येच अडकून बसतो. म्हणून आकडा वाचण्याआधी मीटरच्या काचेवर एक टिचकी मारायची, काटा थरथरतो आणि खऱ्या जागी येतो. मी लागलो त्या पहिल्याच दिवशी काकांनी बजावलं होतं, "टिचकी मारल्याशिवाय आकडा लिहायचा नाही." आमच्या कारखान्यातला तो धर्मच होता. चहा घेण्यापूर्वी कपालाही टिचकी मारणारे लोक आमच्यात होते. बोटाला सवय लागून गेलेली.

सडपातळ रिलेची परीक्षा लावली होती. खरे दिवे जोडून दहा हजार वेळा चालू-बंद. शेजारी मोजणी यंत्र. खिडकीत ते आठवडाभर चाललं होतं — टक... टक... — आणि त्या लयीत मला दुपारची गुंगी यायची. सात हजारांच्या पुढे कधीतरी, अशाच एका दुपारी, जाग आली ती आवाज थांबल्यामुळे. रिले चिकटला होता. दिवे जळतच होते.

काका घरी जेवायला गेलेले. दुसऱ्या खोलीत बाकीचे डबे खात होते. मी रिलेकडे पाहिलं. मधासारखी तार, स्वच्छ डबी, आत ते दोन ठिपके एकमेकांना धरून बसलेले. आणि माझं बोट पुढे झालं. टिचकी. टक — सुटला. आकडे पुढे पळायला लागले. दोन दिवसांनी मी वहीत लिहिलं: दहा हजार पूर्ण, दोष नाही.

काट्याला मारलेली टिचकी काट्याला खरं बोलायला लावते. रिलेला मारलेली टिचकी रिलेला खोटं बोलायला लावते. हा फरक त्या वेळी माझ्या लक्षात आला नाही, असं मी आज म्हणू शकतो. कोण तपासणार आहे? पण आला होता लक्षात.

हे एवढंच असतं तर मी तुम्हाला बसवून ठेवलं नसतं. कामाच्या ठिकाणी असं थोडंबहुत सगळेच करतात, नाही का? पुढचं सगळेच करत नाहीत.

खडकवासल्याच्या पलीकडच्या त्या उपकेंद्रात पेटी बसवायला मीच गेलो होतो. उन्हाळ्याचे दिवस, पाणी खूप खाली गेलेलं, उघड्या पडलेल्या काठावर गुरं. उपकेंद्र सांभाळणाऱ्या सिस्टर भंडाऱ्याकडच्या होत्या. पस्तिशीच्या असतील. नाव सांगत नाही. ते मी एकदा कागदावर फार वाईट ठिकाणी वाचलं आहे. मागच्या खोलीत राहायच्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली कण्हेरीचं फूल, शेजारी एक लहानसा रेडिओ. मदतीला गावातल्या यमुनाबाई. सिस्टर एकट्याच होत्या, आणि तिकडे गावी त्यांची म्हातारी आईही एकटीच. बदलीचा अर्ज केला होता.

पेटी बसल्यावर त्यांनी विचारलं, हिला काय कळतं म्हणून. मी सांगितलं, हिच्यातून टक असा आवाज आला आणि दिवे गेले, तर घाबरायचं नाही. बॅटरी दमली, म्हणून पेटीने दिवे बंद केले, फ्रीज सांभाळला. सकाळी ऊन आलं की पुन्हा टक, पुन्हा दिवे.

"म्हणजे वाजला तं चांगलं न, साहेब?"

"वाजला तर चांगलं," मी म्हणालो.

त्यांनी मान जरा कलती केली आणि पेटीकडे पाहिलं. बॅटरी लहान, बहुतेक रात्री ती दमायचीच; तो आवाज त्या रोज ऐकायच्या, हे मला नंतर कळलं. यमुनाबाई तर सकाळचा टक वाजला की चूल विझवायच्या. त्या घराचं ते घड्याळच झालं होतं.

श्रावणात झड लागली. आठ-दहा दिवस सूर्याने तोंड दाखवलं नाही. आणि मग काकांच्या टेबलावर एक पत्र आलं: त्या उपकेंद्रातली लस तापून वाया गेली. ही बातमी कुणी वर कळवली होती? सिस्टरनीच. फ्रीजमधला तापमापक बघून त्यांनी लस बाजूला काढली, वहीत स्वतःच्या अक्षरात नोंद केली, आणि त्या दिवशी पोरं कडेवर घेऊन पावसातून चालत आलेल्या बायांना परत पाठवलं. गप्प राहून तीच लस टोचली असती तर कुणाला काही कळलं नसतं. म्हणजे बघा — मी जे करू शकलो नाही, ते त्या करून बसल्या होत्या.

"जाऊन या," काका मला म्हणाले. "तिकडेच कुणीतरी काहीतरी जोडलं असणार. आपली पेटी दहा हजारांची परीक्षा पास झालेली आहे." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे विश्वासाने पाहिलं. कारखान्यात तशा तीसेक पेट्या खोक्यांत बंद होऊन जायला तयार होत्या.

मी गेलो. पाणी आता रस्त्यापर्यंत आलेलं, डोंगर ढगात बुडालेले, सगळं कसं ओल्या कापसात गुंडाळल्यासारखं. उपकेंद्राच्या पडवीत यमुनाबाई बसल्या होत्या. मी काही विचारण्याआधीच म्हणाल्या, "डबडं मुकं झालं हाय तुमचं."

सिस्टरनी सगळं नीट सांगितलं. "लस तापली, त्याच्या आधी चार रोज तो वाजलाच नाही, साहेब. मी आयकतच होते. दिवे जात नव्हते, तं मले वाटलं, बॅटरी भरून आहे." त्यात एक अवघड बाळंतपण दोन रात्री चाललं. दिवे जळत राहिले. त्यांनी पेटीचे मनात आभार मानले होते म्हणे, की ऐन वेळी दगा दिला नाही. त्यांना कसं कळणार, की फ्रीजची वीज दिव्यांनीच पिऊन टाकली, दिवे जळत राहणं हाच दगा होता?

मग त्या चहा करायला आत गेल्या. जाता जाता सहज म्हणाल्या, की बदलीचं होत आलंय, वरच्या डॉक्टरांची फक्त सही राहिली आहे. "दिवाळीला आईजवळ राहीन मी." हे त्यांनी मला का सांगितलं, कोण जाणे. आनंद झाला होता, समोर माणूस होता, सांगितलं.

तेव्हा मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा. पेटी उघडण्याआधी मला त्या राहिलेल्या सहीचं माहीत होतं.

पेटीचं झाकण काढलं. मीटर लावला. रिलेच्या गुंडाळ्यात वीज नव्हती, म्हणजे पेटी बिचारी केव्हाची सांगत होती — सोड, दिवे तोड. आणि तरी दिव्यांच्या तारेत वीज होती. ठिपके चिकटले होते. अगदी तसेच, जसे त्या दुपारी खिडकीत. क्षणभर मला आंब्याच्या पानांतलं ऊन दिसलं.

काय करायला हवं होतं? रिले तसाच चिकटलेला ठेवून काकांना आणून दाखवायचा. झालं. एवढंच. काका चार टोचणारी वाक्यं बोलले असते, तीस खोकी उघडावी लागली असती, माझा तो लाडका आकडा गेला असता. बस्स.

मी टिचकी मारली.

टक.

आतून स्टोव्हचा आवाज येत होता, तरी तो बारीकसा टक त्यांना ऐकू गेला. हातात गाळणं तसंच धरून सिस्टर दारात आल्या. चेहरा उजळलेला. मी तसा चेहरा त्यानंतर फार थोड्या वेळा पाहिला आहे.

"वाजला न, साहेब? आयकला न तुम्ही?"

त्यांना वाटलं, आपलं म्हणणं खरं ठरलं. बंद पडलेला होता, साहेबांनी शोधला, आता साहेबांना कळलं.

"हो," मी म्हणालो. "वाजला."

आणि त्यांनी दिलेला चहा पिऊन, त्यांच्याच टेबलावर बसून मी अहवाल लिहिला. दोन वाक्यं होती महत्त्वाची. पहिलं: तपासणीच्या वेळी रिले चालू स्थितीत आढळला. दुसरं: दिव्यांच्या तारेवर जादा उपकरण, रेडिओ, जोडलेला आढळला. दोन्ही वाक्यं शंभर टक्के खरी. रेडिओने बॅटरी संपवली म्हणणं म्हणजे मुंगीने साखरेचं पोतं संपवलं म्हणण्यासारखं होतं, पण तसं मी कुठे म्हटलं होतं? मी फक्त दोन खरी वाक्यं शेजारी शेजारी बसवली. वाचणाऱ्याने काय ते समजून घ्यावं — आणि त्याने घेतलंच.

सिस्टरना कारणे दाखवा नोटीस निघाली. परवानगीशिवाय उपकरण जोडणे, कामात हलगर्जी, लशीचे नुकसान. प्रत काकांकडे आली, काकांनी मला दिली. तिच्यात त्यांचं पूर्ण नाव मी पहिल्यांदा वाचलं. बदलीच्या कागदावर सही झाली नाही. तो कागद चौकशीच्या फाइलमध्ये गेला.

मी काय केलं? सांगतो, कारण हे ऐकल्यावर तुमच्या मनात माझ्याबद्दल शंका उरणार नाही. मी रिले बदलला. त्याच आठवड्यात. काकांना म्हणालो, तो सडपातळ आता बाजारात नीट मिळत नाही, काळा बसवू या. तीस खोकी उघडली, तीसच्या तीस पेट्यांत काळा रिले बसवला. आधी लावून झालेल्या ठिकाणी देखभालीच्या नावाखाली एकेक करत गेलो आणि तिथलेही बदलले. माझा आकडा गेला. कुणी विचारलंसुद्धा नाही, मीच उगाच घाबरलो होतो. पुन्हा कुठे लस तापली नाही. सगळं दुरुस्त केलं मी. एक कागद सोडून.

त्या उपकेंद्राची पाळी मी शेवटी ठेवली. जाणं टाळता येईल तेवढं टाळलं. दिवाळी होऊन गेली, थंडी पडली, तेव्हा गेलो. आभाळ धुतल्यासारखं, पाणी निळंशार आणि इतकं स्थिर, की डोंगर दोनदा दिसत होते. सगळं इतकं सुंदर होतं की वाटलं, बदली झाली असेल, दुसरंच कुणीतरी दार उघडेल. यमुनाबाई पडवीत तांदूळ निवडत होत्या. बघून न बघितल्यासारखं केलं. मग सुपातच बघत म्हणाल्या, "सिस्टरची आई गेली. दिवाळीच्या आधी. मातीला बी पोचता आलं न्हाई त्यास्नी. लांब हाय ना गाव."

मी चपला काढून आत गेलो. सिस्टर रजिस्टर लिहीत होत्या. नेहमीसारख्या "या साहेब" म्हणाल्या. कोपऱ्यातला रेडिओ दिसला नाही. मी काहीतरी पुटपुटलो आईबद्दल. त्यांनी मान हलवली. मी पेटी उघडली, जुना रिले काढला, खिशात टाकला, काळा बसवला. वीज दिली. काळ्याचा आवाज मोठा — ठक.

त्या दारात येऊन उभ्या होत्या. मान किंचित कलती.

"हा जड वाजते," त्या म्हणाल्या.

"हो. नवीन आहे."

बाहेर सुपातले तांदूळ खाली-वर होत होते, तेवढाच आवाज. मग त्यांनी विचारलं, "मंग पयला खराब होता काय?"

आवाजात राग नव्हता. आरोप नव्हता. एखाद्याला खरंच काही जाणून घ्यायचं असतं, तसा प्रश्न होता. माझ्या खिशात तो रिले होता, मांडीला टोचत होता. तो काढून त्यांच्या हातावर ठेवता आला असता. एक शब्द पुरला असता. तो शब्द कागदावर घेऊन त्या वरच्या डॉक्टरांकडे गेल्या असत्या, फाइल बंद झाली असती, बदली झाली असती. आई परत आली नसती, पण आपण बरोबर ऐकलं होतं हे तरी त्यांना कळलं असतं.

"नाही, नाही," मी म्हणालो. "नवीन मॉडेल आलंय. सगळीकडेच बदलतोय."

"बरं," त्या म्हणाल्या. आणि मग, "चहा घेऊन जा, साहेब."

मी चहा घेतला. साखर जरा कमी होती, एवढंही आठवतं.

वर्षभरात मी तो कारखाना सोडला आणि सॉफ्टवेअरमध्ये गेलो. काकांनी निरोपाला पेन दिलं. माझ्या हाताखालची पोरं म्हणतात, सरांच्या नजरेतून एकही दोष सुटत नाही. खरं आहे. सुटत नाही. तेव्हाही सुटला नव्हता.

तो सडपातळ रिले घरी टेबलाच्या खणात आहे. डबीतून बघितलं तर ठिपक्यावर खसखशीच्या दाण्याएवढा काळा डाग दिसतो. बायको खण आवरताना दर वर्षी विचारते, हे टाकायचं का. मी म्हणतो, राहू दे.

सिस्टर आता निवृत्त झाल्या असतील. भंडाऱ्याला गेल्या असतील, किंवा गेल्या नसतील. आता तिथे कोण आहे त्यांचं? मी शोधलं नाही. शोधणं अवघड नव्हतं. नाव मला पूर्ण माहीत आहे.

त्यांनी मला एकदाच विचारलं होतं, पहिला खराब होता काय. होता, सिस्टर. खराब होता. तुम्हाला नाही म्हणालो, तेव्हा तो माझ्या खिशात होता.